उभ्या सायकलीची हवा

शनिवारी सकाळची शाळा आटोपून विद्यार्थी सायकलीवरून घरी जातो. सायकल पडवीत भिंतीला टेकवून ठेवली जाते आणि रविवारी तिच्याकडे कोणी पाहत नाही. सोमवारी दप्तर अडकवून ती बाहेर काढावी, तो मागचे चाक बसलेले! घरी पंप नाही. पंप असतो तो फाट्यावरच्या सायकल-दुकानात, आणि ते दुकान उघडते शाळेची घंटा होऊन गेल्यावर. वाडीपासून शाळा तीन-चार किलोमीटर दूर. हजेरीपत्रकात त्या दिवशी गैरहजेरीची खूण पडते आणि दुसऱ्या दिवशी कारण विचारले असता 'सायकल पंक्चर होती' असे उत्तर मिळते. पुष्कळदा ती पंक्चर नसतेच.

दूरच्या वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, शाळेत टिकवून धरणाऱ्या साधनांत सायकलीचे स्थान फार वरचे आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत अनेक तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना त्यासाठीच सायकली देण्यात आल्या. सायकल देणे हे शासनाचे काम झाले. ती रोज सकाळी चालू स्थितीत असणे हे मात्र घर आणि शाळा यांच्या हातचे आहे. त्यातही सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते चाकातील हवेकडे, कारण सायकल उभी असताना हवा कमी होत असते ही गोष्टच अनेकांच्या ध्यानात येत नाही.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते. धक्का बसला की तो सरळ गाडीवानाच्या पाठीत जातो. सायकलीचे आरंभीचे टायरही भरीव रबराचे होते. रबरी नळीत हवा कोंडून ती चाकावर बसविण्याची कल्पना रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये पेटंट केली होती, परंतु ती विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्ट येथे जनावरांचा दवाखाना चालविणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तशीच युक्ती केली व १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. तेव्हापासून सायकलस्वाराचा भार प्रत्यक्षात उचलते ती हवा. टायर आणि ट्यूब ही त्या हवेची केवळ पिशवी होय.

ही पिशवी कितीही नवी असली तरी पूर्णपणे बंद नसते. रबराच्या कणांमधून हवेचे रेणू अतिशय सावकाश बाहेर झिरपत असतात. मातीच्या माठातून पाणी पाझरते, पण म्हणून माठ फुटका ठरत नाही; तसेच हे आहे. नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून हवा लवकर झिरपते. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेले ब्युटाइल नावाचे कृत्रिम रबर ही झीज कित्येक पटींनी कमी करते, आणि म्हणूनच आज बहुतेक ट्यूबा त्याच्या बनवितात. तरीही झीज शून्य होत नाही. शिवाय सायकलीच्या ट्यूबमध्ये हवेचा साठा थोडा आणि दाब बराच असतो. मोटारीच्या मोठ्या टायरातून थोडी हवा गेली तर लवकर कळत नाही. सायकलीच्या चाकात तेवढ्यानेच मोठा फरक पडतो.

झिरपण्याखेरीज हवा जाण्याची दुसरी वाट म्हणजे व्हॉल्व. आपल्याकडील साध्या काळ्या सायकलींना जो व्हॉल्व असतो त्याची रचना मुलांना दाखवावी अशी आहे. आत एक लहान पोकळ धातूची पिन असते. तिच्या बाजूला बारीक छिद्र असते व त्यावर पातळ रबराची नळी, म्हणजे व्हॉल्व-ट्यूब, चढविलेली असते. पंपातील हवा छिद्रातून येऊन ही नळी किंचित फुगविते आणि आत शिरते. पंप थांबला की आतील हवाच नळीला छिद्रावर दाबून धरते व स्वतःची वाट बंद करते. व्हॉल्व-ट्यूब मिळते अगदी अल्प किमतीत, पण उन्हाने ती चिकट होते, तेल लागले तर फुगून मऊ पडते आणि जुनी झाली की छिद्रापाशी चिरते. नवी बसविताना ती सहज सरकावी म्हणून कित्येक जण तेलाचे बोट लावतात. ते कटाक्षाने टाळावे, पाणी पुरेसे आहे. सोमवारच्या बसलेल्या चाकांपैकी बऱ्याच चाकांचा दोष या इंचभर नळीत असतो, आणि शोध मात्र काट्याचा चालतो.

तेव्हा दोष कोठे आहे हे ओळखता आले पाहिजे. दोन्ही चाके आठ-पंधरा दिवसांत सारखीच मऊ पडत असतील तर ते नुसते झिरपणे होय. हवा भरावी आणि निश्चिंत असावे. एकच चाक रातोरात बसत असेल तर प्रथम व्हॉल्ववर साबणाचे पाणी किंवा थुंकीचा थेंब लावून पाहावा. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व-ट्यूब बदलावी किंवा सैल झालेला नट आवळावा. व्हॉल्व कोरडा राहिला तर ट्यूब काढून, थोडी हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात फिरवावी. बाभळीचा काटा किंवा सराटा मोडून टायरातच राहिलेला असतो व त्याने पाडलेले भोक इतके बारीक असते की हवा जाण्यास रात्र लागते. छिद्र सापडून पॅच लावला, पण काटा टायरात तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! टायरच्या आतून बोट जपून फिरविल्याखेरीज ट्यूब परत घालू नये.

हवा कमी असताना सायकल दामटण्याचे परिणाम मात्र सावकाश झिरपणाऱ्या हवेपेक्षा फार वेगाने दिसतात. खडीच्या रस्त्यावर दगड येताच मऊ टायर पार दबतो आणि ट्यूब दगड व रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात, जणू सापाचे दोन दात. अशी जोडभोके दिसली की काट्याला दोष देऊ नये. कॅरिअरवर धाकट्या भावंडाला बसविणाऱ्या मुलाच्या मागच्या चाकाला ही दुखापत हटकून होते. दुसरे असे की, सैल टायर ब्रेक लावताना रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व तिरपा होऊन मुळाशी फाटतो. तेथे पॅच बसत नाही. ट्यूबच नवी घ्यावी लागते. व्हॉल्व तिरपा दिसला तर हवा सोडून टायर जागेवर सरकवावा, मगच हवा भरावी. आणि लहान मुलाच्या पायांना जे श्रम पडतात ते वेगळेच. मऊ चाकाची सायकल चढावर ढकलत शाळेत आलेले मूल पहिल्या तासाला पेंगत असेल तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याचे चाक दाबून पाहावे.

हवा किती असावी हे टायरच्या बाजूवरच उठावाच्या अक्षरांत छापलेले असते. तो आकडा दर चौरस इंचास किती पौंड असा असतो. प्रत्येक टायरचा आकडा निराळा, म्हणून आपल्या टायरवरचा आकडा पाहावा, शेजाऱ्याचा नव्हे. छापलेल्या कमाल दाबापलीकडे जाऊ नये. अडचण अशी की, वर सांगितलेल्या साध्या व्हॉल्वमधून मोजणीयंत्राला आतला दाब नीट कळत नाही, कारण रबरी नळी हवेला उलट येऊ देत नाही. नव्या सायकलींना मोटारीसारखा व्हॉल्व असेल तर मोजता येते. अशा सायकलीत पेट्रोल पंपावर हवा भरण्याचा मोह मुलांना होतो. तेथील यंत्र मोठ्या टायरांसाठी असते आणि सायकलीची लहानशी ट्यूब ते क्षणार्धात प्रमाणाबाहेर फुगविते. हातपंप बरा.

मोजणीयंत्र नसले तरी काम अडत नाही. दुकानात एकदा योग्य हवा भरून घ्यावी आणि लगेच टायरच्या दोन्ही बाजू अंगठ्याने व तर्जनीने दाबून तो कठीणपणा हाताला ओळखीचा करून द्यावा. मधला जाड भाग दाबून काही कळत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे दर आठवड्याला तोच कठीणपणा येईपर्यंत पंपाचे किती ठोके लागतात ते मोजणे. नेहमी सात-आठ ठोक्यांत भागणाऱ्या चाकाला एके दिवशी वीस लागले, तर त्या चाकात काहीतरी बिघडले आहे हे ते बसण्यापूर्वीच समजते. मुलांना हा हिशेब वहीच्या मागील पानावर ठेवण्यास सांगावे. ते आवडीने ठेवतात.

वरच्या वर्गांत दाबाचा पाठ याच चाकावर घेता येईल. मागचे चाक वजनकाट्यावर व पुढचे चाक तितक्याच उंचीच्या विटांवर ठेवून, स्वाराला बसवून मागच्या चाकावरील भार पाहावा. नंतर टायरला खडूची पूड चोळून ते चाक चौकटीच्या कागदावर टेकवावे आणि उमटलेल्या ठशाच्या कडेने रेघ काढून आतील चौकटी मोजाव्यात. भार ३६ किलो व दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो असेल, तर ठसा सुमारे १२ चौरस सेंटिमीटर यावयास हवा. दाब निम्मा केला की तो दुपटीच्या आसपास जातो. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे उत्तर तंतोतंत येणार नाही, आणि ते का येत नाही याची चर्चा पाठाचा सर्वांत चांगला भाग ठरते.

उन्हाळ्यात चाक फुटेल म्हणून हवा निम्मीच ठेवावी, असा एक समज खेड्यांतून दृढ आहे. तो गणिताने तपासावा. पहाटे २० अंश सेल्सिअसला ४५ पौंड दाब असलेले चाक दुपारी ४५ अंशांपर्यंत तापले, तर दाब सुमारे ५० पौंड होतो. बाहेरच्या हवेचा १५ पौंडांचा दाब मिळवून व तापमान निरपेक्ष अंशांत घेऊन हा आकडा मुलांनाही काढता येईल. धड टायरला ही पाच पौंडांची वाढ जड नाही, फक्त सकाळी भरताना कमाल आकड्याच्या थोडे अलीकडे थांबावे. भर उन्हात फुटणारे चाक बहुधा आधीच चिरलेले असते. चिरेतून ट्यूब डोकावत असते आणि उष्णता तिला शेवटचा धक्का देते. अशा टायरला कमी हवा हा इलाज नव्हे. टायर बदलावा, आणि सायकल झाडाखाली उभी करावी.

कित्येक शाळांतून लोकवर्गणीने उभा पंप आलेला आहे. तो जडसंग्रह नोंदवहीत चढतो आणि कपाटात कुलूपबंद होतो. किल्ली मुख्याध्यापकांकडे, व मुख्याध्यापक बैठकीला. असा पंप असून नसून सारखाच. तो दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास व्हरांड्यात ठेवावा आणि सातवी-आठवीच्या दोन विद्यार्थ्यांकडे त्याची पाळी द्यावी. चार-दोन व्हॉल्व-ट्यूबा खडूच्या डब्यात ठेवून द्याव्यात. रविवारचा दिवस भरलेल्या चाकावर निघून जातो आणि एखादे चाक बसलेच, तर ते सदोष आहे हे निश्चित कळते.

उन्हाळ्याच्या सुटीचा प्रश्न याहून बिकट आहे. सहा-सात आठवडे सायकल एकाच जागी उभी राहते. हवा उतरत जाते, रिमचा भार टायरच्या एकाच घडीवर येतो, तेथे भेगा पडतात आणि ट्यूब चिमटून दुमडते. म्हणून सुटी लागण्याच्या दिवशी पूर्ण हवा भरून सायकल घरी पाठवावी. घरी ती तुळईला टांगता आली तर उत्तम. नाही तर सीट व हँडल यांवर उलटी ठेवावी, म्हणजे चाकांवर भार राहत नाही. पत्र्याखालचे ऊन, रॉकेलचे डबे आणि वंगण यांपासून ती दूर असावी. मधे एकदा पंप मिळाला तर हवा पाहावी. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या तीन-चार दिवस आधी दोन्ही चाके भरून सायकल रात्रभर तशीच ठेवावी व सकाळी अंगठ्याने दाबून पाहावी. जे चाक मऊ लागेल ते त्याच दिवशी दुकानात न्यावे, कारण शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी फाट्यावरच्या दुकानापुढे साऱ्या गावाच्या सायकली उभ्या असतात.