व्याह्यांच्या घरचा मासा

जपानी माणसाला नावे बदलण्याची मोठी हौस असावी, असे 'बुरी' ह्या माशाकडे पाहून वाटते. टोकियोकडे तो लहानपणी वाकाशी, मग इनादा, मग वारासा, आणि सुमारे ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला म्हणजे बुरी. ओसाकाकडे ह्याच पायऱ्यांची नावे निराळी. अशा माशाला तेथे 'बढतीचा मासा' म्हणतात. सामुराईचा मुलगा वयात आला की त्यालाही नवे नाव मिळे. आपल्याकडे नाव बदलते ते सुनेचे. त्यात बढती किती, हे तिलाच विचारावे!

सुनेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तोयामा प्रांतात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीस मुलीच्या माहेरून सासरी अख्खा बुरी पाठवण्याची चाल आहे, आणि ती काही घरांत अजून पाळतात. जावयाची अशीच बढती होवो, हा त्यातला भाव. सासरची मंडळी कित्येकदा त्यातला अर्धा मासा माहेरी परत धाडतात. फुकुओकाकडे मात्र गंगा उलटी वाहते. सून चांगली मिळाली म्हणून तेथे मुलाकडचेच लोक तिच्या माहेरी मासा पाठवतात. दिवाळसणाने वाकलेल्या आमच्या इंदुरातल्या वधूपित्यांना ह्यांपैकी कोणता रिवाज पसंत पडेल, हे सांगायला नको.

थंडीत हा मासा चरबीने नुसता भरलेला असतो. हिवाळ्याच्या तोंडी तोयामाच्या उपसागरावर मेघ गडगडले की कोळी म्हणतात, बुरीला जाग आली. त्यातही हिमी बंदरातला बुरी नावाजलेला. त्याच्या डोक्याचे नि काट्यांचे तुकडे मीठ लावून ठेवतात, वर उकळते पाणी ओतून वशट वास घालवतात आणि पांढऱ्या मुळ्याच्या जाड चकत्यांबरोबर आले, सोयाचा रस, साके व थोडी साखर घालून मंद आचेवर शिजवतात. माशाचे सारे तेल मुळा पितो. माझ्या मते मान मुळ्याचाच!

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीही ह्या माशाचा नाद सोडला नाही. खारवलेला बुरी तोयामाहून ताकायामाला आणि तेथून हमालांच्या पाठीवर १,६७२ मीटर उंचीच्या नोमुगी खिंडीतून मात्सुमोतोकडे जाई. वर्षाच्या शेवटच्या रात्री डोंगरातल्या ताटातही त्याचा तुकडा हवाच.

अलीकडे समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि बुरी उत्तरेस होक्काइदोच्या किनाऱ्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक सापडतो. तेथे सवय साल्मन माशाची. साल्मनसाठी लावलेल्या जाळ्यांत हा परका पाहुणा येऊन पडतो, आणि तो रांधावा कसा, हे तेथल्या घरांना आता शिकावे लागत आहे.