भिंतीवर मोजा फटीची रुंदी!

खरं खरं सांगा, तुमच्या फिजिक्सच्या जर्नलमधली सगळी रीडिंग्ज तुम्ही स्वतः घेतली होती? मी नव्हती घेतली. बारावीला सिनिअरचं जर्नल समोर ठेवायचं, उत्तर बघायचं आणि मागून रीडिंग ‘बसवायचं’. डिफ्रॅक्शनचा फॉर्म्युला तर पाठच होता. पुढे मास कॉमला आले आणि तो विषय संपला.

परवा हॉस्टेलच्या रूमवर एक लेझर पॉइंटर सापडला आणि म्हटलं, यावेळी कुणाचंही जर्नल नाही. बघू काय होतं ते!

दाढीची दोन ब्लेडं घ्या (सांभाळून!). मध्ये झेरॉक्सचा एक कागद उभा धरा, दोन्ही धारा त्याला दोन बाजूंनी टेकवून ब्लेडं पुठ्ठ्याच्या भोकावर सेलोटेपने चिकटवा आणि कागद हळूच ओढून घ्या. झाली तुमची स्लिट. लाइट बंद करून तिच्यावर लेझर मारा. लेझर डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, आरशावरही मारायचा नाही.

फट उभी असते, पण भिंतीवरचा प्रकाश पसरतो आडवा! मध्ये एक रुंद लाल पट्टा, मग काळी जागा, मग दोन्हीकडे त्याच्या निम्म्या रुंदीचे फिकट पट्टे. आणि गंमत म्हणजे फट जितकी अरुंद, तितका हा पसारा मोठा. डोळ्याला नीट दिसतही नाही अशा फटीचं माप साध्या पट्टीने मिळतं ते यामुळेच.

हिशेब सोपा आहे. लेझरची तरंगलांबी गुणिले स्लिटपासून भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले मधल्या बिंदूपासून पहिल्या काळ्या जागेचं अंतर. पॉइंटरच्या लेबलवर ६३० ते ६८० नॅनोमीटर असं काहीतरी छापलेलं असतं, मी ६५० धरले. भिंत ३ मीटरवर. मधला पट्टा ३.५ सेंटिमीटर. उत्तर आलं ०.०५६ मिलिमीटर.

भारी वाटलं! मग सहज झेरॉक्सच्या ५०० कागदांच्या रीमची जाडी मोजली, साधारण ५ सेंटिमीटर. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. माझी फट त्याच्या जेमतेम निम्मी कशी?

अर्धा तास डोकं खाजवलं. चूक मग सापडली. मी पट्ट्याची अख्खी रुंदी घातली होती. मधल्या बिंदूपासून मोजायचं तर अर्धीच घ्यायला हवी. पट्ट्याची कडही पुसट असते, म्हणून या वेळी डावीकडच्या तिसऱ्या काळ्या जागेपासून उजवीकडच्या तिसरीपर्यंत मोजलं. १०.६ सेंटिमीटर. त्याला सहाने भागून येणारा आकडा फॉर्म्युलात घातला. उत्तर ०.११ मिलिमीटर! जर्नलमधून उतरवलं असतं, तर ही चूक मला कधी कळलीच नसती.

ही आयडिया काही नवी नाही. दोन फटींच्या प्रयोगामुळे आपल्याला माहीत असलेल्या थॉमस यंगने लोकरीच्या तंतूंची जाडी मोजायला याच तत्त्वावर ‘एरिओमीटर’ नावाचं उपकरण बनवलं होतं. बारीक तंतूभोवतीही प्रकाश तसाच पसरतो, काळ्या जागाही त्याच फॉर्म्युल्याने येतात. म्हणजे ब्लेडं नसतील तरी अडणार नाही, पॉइंटरच्या तोंडावर डोक्याचा एक केस चिकटवा. रूममेटचाही मागून घ्या. आमच्या रूममध्ये कुणाचा केस जाड यावरून अजून वाद चालू आहे.