वऱ्हाडांतील महाविद्यालयांचे सामने

आंतरमहाविद्यालयीन सामने म्हटले कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें मुंबई-पुण्याचींच मैदानें येतात. परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील बोरी अरबसारख्या गांवच्या मुलालाहि त्यांत जागा आहे.

वऱ्हाडांत व्यायामाची हौस महाविद्यालयांहून जुनी. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लावलेल्या रोपट्याचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, व १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ करून दाखविले. इकडे १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ निघालें, आणि वऱ्हाडांतील महाविद्यालयें पुढें कित्येक वर्षें त्याच्याच छत्राखालीं राहिलीं. नागपूरकरांपुढें लहान गांवच्या संघाचा निभाव लागणें कठीणच! १ मे १९८३ रोजीं अमरावती विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां वऱ्हाडची चढाओढ वऱ्हाडांतच होऊं लागली.

लहान महाविद्यालयास क्रिकेटचे अकरा गडी जमवितांना नाकीं नऊ येतात; कुस्तींत वा धांवण्यांत मात्र एकटा विद्यार्थीहि विद्यापीठाच्या संघांत शिरून ‘कलर होल्डर’ म्हणवितो. मुलींना सामन्यांसाठीं परगांवीं धाडतांना घरांतील वडीलधारी मंडळी अजून कोठें कोठें कुरकुरतात. ती कुरकुर आम्हांस मुळींच पटत नाहीं.