सोलरची बचत आणि सरासरीचा घोळ

घराच्या गच्चीवर सोलर बसवायचे म्हटले की पहिल्याच भेटीत हाती एक कोटेशन पडते. त्यावरचा हिशेब सरळ असतो. एका किलोवॉटमागे दिवसाला 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120. तीन किलोवॉटचे 360. त्याला विजेच्या सरासरी दराने गुणायचे, मग 12 ने, मग 25 ने. उत्तर काही लाखांत जाते. यातला एकही आकडा खोटा नसतो, तरी उत्तर फसवे निघते. कारण महावितरणचे बिल सरासरीने आकारले जात नाही, ते टप्प्याटप्प्याने चढते. सोलर त्या जिन्याच्या वरच्या पायरीपासून युनिट काढत खाली येते, आणि प्रत्येक पायरीवर युनिटची किंमत वेगळी असते.

आधी ‘300 युनिट मोफत’चे पाहू. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ असल्याने सरकार 300 युनिटांचे बिल माफ करते, असा समज पसरला. सरकार देते ते अनुदान: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, मिळून जास्तीत जास्त 78 हजार रुपये. वीज आपल्याच पॅनलने तयार करायची असते. ती गरजेइतकी झाली तरी बिल शून्यावर येत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क भरावेच लागते.

दिवसाला 4 युनिट हा आकडा मात्र बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, फक्त तो वर्षाचा आहे. पॅनलवरचे ‘एक किलोवॉट’ प्रयोगशाळेतले असते: दर चौरस मीटरला 1000 वॉट प्रकाश आणि पॅनलमधल्या सेलचे तापमान 25 अंश. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, हा समज इथेच अडखळतो. पॅनल चालते प्रकाशावर. उष्णता त्याला मारक. तापमान दर अंशाने वाढले की उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्याने घटते. चंद्रपुरात हवा 43 अंशांवर असताना सेल 65 ते 70 अंशांपर्यंत तापतो, म्हणजे 15 टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच गेली. धूळ, तारा आणि इन्व्हर्टरचे नुकसान वेगळे. कोकणातल्या जुलैत तर दिवसाला 4 युनिटांची आशाच धरू नये. उन्हाळ्यात शिल्लक पडलेली युनिट नेट मीटरिंगमुळे पावसाळ्यात वळती होतात, त्यामुळे वर्षाचा ताळा जुळतो. पण आर्थिक वर्ष संपताना, 31 मार्चला, जी उरतात त्यांना आपण मोजतो तो दर मिळत नाही. बराच कमी मिळतो.

आता खरा मुद्दा. हिशेबापुरते गोल दर धरू: पहिल्या 100 युनिटांना 6 रुपये, 101 ते 300 ला 12, त्यापुढे 500 पर्यंत 16. वहन आकार यात धरला आहे. वर 16 टक्के वीज शुल्क लागेल, ते बाजूला ठेवू. महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या घराचे बिल 600 अधिक 2400 अधिक 800, म्हणजे 3800 रुपये. सरासरी दर पावणेअकराच्या थोडा वर. सरासरीने मोजले तर प्रत्येक किलोवॉट सारखाच, महिन्याला सुमारे 1300 रुपये वाचवणारा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या किलोवॉटने वापर 350 वरून 230 वर येतो आणि 1640 रुपये वाचतात. दुसऱ्याने तो 110 वर येतो, वाचतात 1440. तिसऱ्याच्या वाट्याला उरतात 720 रुपये, आणि त्याची 10 युनिट शिल्लक पडतात. अनुदानही नेमके तिसऱ्यालाच कमी. किलोवॉटला 60 हजार खर्च धरला तर पहिल्याची पदरची गुंतवणूक दीड वर्षात सुटते, तिसऱ्याला पाच वर्षे लागतात. सरासरी हा फरक गिळून टाकते. जे घर महिन्याला 90 युनिटच वापरते त्याची बचत 540 रुपयांवर जाऊच शकत नाही, पॅनल कितीही लावा.

यावर रास्त आक्षेप येतो: उद्या एसी येईल, इलेक्ट्रिक स्कूटर येईल, मग मोठी यंत्रणा आताच का नको? वापर खरोखर वाढणार असेल तर जरूर घ्यावी. तेव्हा तिसरा किलोवॉटही महागड्या टप्प्यातली युनिट वाचवील. पण तो वाढीव वापर कागदावर लिहून मोजावा. आणि वापर कमीही होऊ शकतो, हे विसरू नये. साधा पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा 35 च्या आत. चार पंखे रोज 10 तास चालले तर महिन्याला 48 युनिट वाचतात, तीही वरच्या टप्प्यातली, म्हणजे 768 रुपये. मात्र ही रक्कम आणि पहिल्या किलोवॉटचे 1640 यांची सरळ बेरीज करता येत नाही. पंख्यांनी 16 रुपयांची युनिट आधीच खाल्लेली असतात. सोलरच्या वाट्याला 1448 रुपयेच येतात. वेगवेगळ्या उपायांच्या बचतीची बेरीज करणारे कोटेशन एकच युनिट दोनदा विकत असते.

‘दर तर बदलतच राहणार, मग एवढी चिकित्सा कशाला?’ असेही विचारले जाईल. दर बदलतील, पण टप्प्यांची चढण आहे तोवर किलोवॉटांचा हा क्रम बदलत नाही. उलट दरवाढीचे गृहीतकच तपासायला हवे. दरवर्षी 6 टक्के वाढ धरली की 25 वर्षांची बचत आजच्या दराने 55 वर्षांच्या बचतीइतकी होते. एक गृहीतक, आणि आकडा दुपटीहून मोठा! पॅनल दरवर्षी अर्धा टक्का थकते, इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागतो, हे त्याच कागदावर क्वचितच सापडते.

तेव्हा सही करण्याआधी गेल्या 12 महिन्यांची बिले पुढे ठेवा आणि बसवणाऱ्याकडून महिनावार, टप्प्यांनुसार हिशेब मागा, प्रत्येक किलोवॉटचा वेगळा. दरवाढ शून्य धरूनही पैसे किती वर्षांत सुटतात, ते लेखी घ्या.