परसबागेला खत कधी घालायचं?

संक्रांतीचं वाण लुटून झालं की बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, “ताई, झाडांना आता खत घालू का?” आज त्यावरच बोलू.

कडाक्याच्या थंडीत झाडाची वाढ मंदावते. मुळं फारसं अन्न उचलत नाहीत. तेव्हा घातलेल्या खताचा उपयोग कमी होतो. म्हणून आधी झाडाकडे बघा. कढीपत्ता, गुलाब, जास्वंद यांना कोवळी फूट दिसू लागली की खताची वेळ झाली. आपल्या नांदेड-लातूरकडे ही वेळ साधारण फेब्रुवारीत, माघात येते आणि लवकर सरते. शेणखत मातीत मुरायला दिवस लागतात, म्हणून होळीच्या आत हे काम उरका. पाडव्यानंतर ऊन तापतं, तेव्हा भरपूर खत नको.

खत घालण्याआधी आणखी एक हिशेब करा, पाण्याचा. खताने पाला वाढतो आणि पाला वाढला की झाड जास्त पाणी मागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. उन्हाळाभर जेवढी झाडं जगवता येतील, तेवढ्यांनाच खत द्या. बाकीच्यांना आळं करून पालापाचोळा घाला, ती तग धरतील.

आता खत कसं घालायचं ते ऐका. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. काळं, भुसभुशीत, हाताला गरम न लागणारं आणि मातीसारखा वास येणारं खत चांगलं. कच्च्या शेणाने हुमणी आणि वाळवी वाढते. खत बुंध्याला चिकटवू नका. बुंध्यापासून वीतभर लांब, गोल चर करून मातीत मिसळा. कुंडीला दोन मुठी गांडूळखत पुरे, गुलाब-जास्वंदीला एखादं घमेलं शेणखत. आधी माती ओली करा, मग खत घाला, पुन्हा पाणी द्या. वर सोयाबीनचं भुसकट पसरा, म्हणजे ओल टिकेल.

मोगऱ्याची छाटणी करून मगच खत द्या. शेवगा फुलोऱ्यात असेल तर मुळांशी खणू नका, फुलं गळतील. नवीन लावलेल्या वांगी-मिरचीच्या रोपांना मूळ धरेपर्यंत वरून खत नको.

शेतातला उरलेला युरिया मूठभर टाकावासा वाटतो. तो मोह टाळा. कुंडीत, कोरड्या मातीत तो मुळं जाळतो. चुलीची राखही बेतानेच घाला. आपली काळी माती मुळात चुनखडीची, जास्त राख तिला मानवत नाही.

तर सख्यांनो, उद्या सकाळी परसात एक फेरी मारा. कोणत्या झाडाला फूट आली आणि घरात सांडपाणी किती निघतं, एवढं बघा. साबण-सोड्याचं पाणी मात्र वेगळं काढा. पुढच्या बैठकीत कुणाकडे कुजलेलं खत जास्त आहे ते विचारा आणि आपसात वाटून घ्या. भर उन्हाळ्यात घरची भाजी ताटात आली, तर तेवढेच बाजाराचे पैसे वाचतील.