माघातील वायनरी

युरोपातील द्राक्षवेली ज्या दिवसांत निष्पर्ण होऊन निद्रिस्त असतात आणि तेथील तळघरांतून गेल्या शरदातील वाईन पिंपांत स्वस्थ मुरत असते, त्याच माघ-फाल्गुनाच्या संधिकाळात आपल्या दिंडोरी तालुक्यातील वायनरीत मात्र माणसांना जेवावयासही सवड नसते, हे मी पुष्कळदा ऐकले होते; पण तो व्याप प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तो संपादकांनी ‘मोठ्या कारखान्यांवर पुष्कळ लिहून झाले, आता एखादी लहान वायनरी पाहा’ असा आग्रह धरल्यामुळेच.

या उलट्या ऋतुचक्राचे मर्म छाटणीत आहे. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढील घडांचे बीज धरते, पावसाळा सरत आला की गोडी छाटणी होते व तिच्यापासून चार-पाच महिन्यांनी, म्हणजे थंडी ओसरत असताना, घड तोडणीस येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरील या पठारावर रात्री गार व दुपारी उबदार असतात, त्यामुळे मण्यात गोडी चढत असताना आंबटपणाही टिकून राहतो. आणि वाईनला हे दोन्ही हवे असतात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध उजाडला, की दुपारच्या उन्हाने आंबटपणा झपाट्याने उतरतो. म्हणून तोडणी पहाटे होते आणि उन्हे तापण्यापूर्वी क्रेट कोठीच्या दारात येऊन पडतात.

या धंद्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1980 च्या दशकात नारायणगावी शामराव चौगुले यांनी इंडेज या वाईन कंपनीचा पाया घातला. त्या शतकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही वायनरी उभी केली. 2001 साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून राज्यातील द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगलीतील पलूस येथे वाईन पार्कची तजवीज केली. त्या उत्साहात कर्जे काढून ज्या अनेक शेतकऱ्यांनी पोलादी टाक्या आणल्या, त्यांपैकीच एकाची ही वायनरी होय.

माझे पाऊल अडले ते शिराझ या तांबड्या वाईनच्या द्राक्षाच्या टाकीपाशी. पांढऱ्या वाईनचा मार्ग सरळ असतो. द्राक्षे दाबून रस काढावयाचा, चोथा बाजूला टाकावयाचा आणि रस थंड टाकीत सावकाश आंबू द्यावयाचा. तांबड्या वाईनचा रंग व तुरटपणा मात्र सालीत व बियांत असल्यामुळे चिरडलेली द्राक्षे सालींसह आंबतात, आणि किण्वनातून सुटणारा कर्बवायू त्या साली सतत वर ढकलीत राहतो. काही तासांत रसावर हातभर जाडीचा घट्ट थर जमतो. तो तसाच राहिला तर वरून वाळतो, त्यात शिरक्याचे जंतू वाढतात, आतली उष्णता कोंडून यीस्ट मरू लागते आणि खाली रंगहीन रस उरतो.

त्या थराशी झगडणारे गृहस्थ साठीचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. लांब दांड्याच्या टोकाला बसविलेली पोलादी चकती घेऊन ते टाकीच्या फळीवर उभे राहतात आणि कडेपासून आरंभ करून वर्तुळाकार आत सरकत तो थर दाबीत जातात. पहिल्या दाबाला थर हलतच नाही. मामा जोर वाढवीत नाहीत. देहाचा भार दांड्यावर टाकून क्षणभर थांबतात, मग थराला भेग पडते, तिच्यातून जांभळा फेस उसळतो आणि साली बुडतात. दिवसातून चार पाळ्या, त्यांतील एक मध्यरात्रीची. “एक पाळी चुकली तर सकाळी वासच सांगतो, साहेब,” ते म्हणाले. कोठीचे दार ते उघडे ठेवतात आणि जमिनीलगत पंखा लावतात, कारण कर्बवायू हवेहून जड असतो व तळाशी साचून माणसाचा प्राण घेऊ शकतो. रिकाम्या टाकीत एकट्याने उतरावयाचे नाही, हा येथील अलिखित कायदा आहे. रोज रसाची घनता मोजून नोंदवहीत आकडा टिपला जातो. 24 ब्रिक्स गोडीचा रस कोरडा होईतो आंबला, की साधारण 13 टक्के मद्यार्क होतो. यंत्राने रस उपसून थरावर शिंपडण्याची सोयही तेथे आहे, परंतु मामांच्या हाताला थराचे जे कळते ते पंपाला कळत नाही, अशी मालकांची श्रद्धा आहे, आणि ते पाहिल्यावर माझीही झाली.

सायंकाळी ओसरीवर गेल्या हंगामातील शेनिन ब्लाँ आली, सोबत बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत व ठेचा. किंचित गोडवा राखलेली, थंड केलेली ही वाईन मिरचीची आग शमविते; तुरट तांबडी वाईन तीच आग भडकविते, म्हणून शिराझ नंतर, मटणाच्या रश्शाबरोबर घ्यावी. तांबडी वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातील गार खोल्यांसाठी झाला. आपल्या मार्चमध्ये ती बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवली नाही तर मद्यार्काचा उग्रपणा तेवढा जाणवतो आणि फळाचा सुगंध हरवतो. घाई न करता, जेवणाच्या अंगाने घेतलेल्या त्या पेल्याने मला निर्मळ आनंद दिला.

पण बोलणे लवकरच हिशेबावर आले. किण्वन चालू असताना वीज गेली तर शीतयंत्र बंद पडते व डिझेलवरील जनित्र चालवावे लागते. द्राक्षांचे पैसे शेतकऱ्यास हंगामातच चुकवावे लागतात, पण तांबडी वाईन बाटलीत जाऊन विकली जाईपर्यंत दीड-दोन वर्षे भांडवल अडकून पडते. शुल्कात सवलत मिळाली तरी परवाने, नोंदवह्या आणि अबकारी खात्याच्या तपासण्या लहानास मोठ्याइतक्याच; आणि प्रत्येक परराज्याचा महसुली शिरस्ता निराळा, तेव्हा नाशिकची बाटली दुसऱ्या राज्यात विकावयाची म्हणजे लेबलाच्या नोंदणीपासून नव्याने आरंभ. 2008-09 च्या मंदीत मागणी कोसळून इंडेजसारखी संस्था डबघाईस आली, तेव्हा वाईनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे बागा तोडल्या गेल्या, ही आठवण अजून ताजी आहे. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्याला तीव्र विरोध झाला व तो अमलात आला नाही. विरोधकांची व्यसनाविषयीची चिंता मी खोटी मानीत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे याच तालुक्यात आहेत. तथापि मोठ्यांना जाहिरात व पर्यटक लाभतात, लहानाला दुकानातील फळीचाच आधार असतो, आणि तीच त्याला मिळत नाही.

त्यात आकाशाचा भरवसा नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने तोडणीस आलेल्या बागा झोडपल्या, तेव्हापासून मळभ आले की मालक घड पूर्ण पिकण्याआधीच तोडावे काय या विवंचनेत पडतात. यंदा शिराझच्या एका तुकड्याविषयी घरात वाद आहे. धाकट्या भावाला तो उपटून थॉमसन लावावयाची आहे, कारण खाण्याच्या द्राक्षांना रोखीचा बाजार आहे. थोरल्याला ठाऊक आहे की वेल उपटल्यावर पुन्हा लावून भरघोस पीक घ्यावयास तीन-चार वर्षे जातात आणि तोवर मामांच्या टाकीत घालावयास पुरेशी द्राक्षे उरणार नाहीत. वितरकाचे जुने येणे मार्चअखेर आले तर वेल राहील. नाही आले, तर एप्रिलच्या खरड छाटणीऐवजी त्या तुकड्यात कुदळ लागेल.