‘घरला’ ते ‘घराला’

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या मराठी घरांतली मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, सोसायटीच्या आवारात हिंदीत खेळतात आणि मराठी ऐकतात ती फक्त घरात. त्यांना मराठी शिकवणाऱ्याच्या कानावर ठरावीक चुका पडतात: ‘घरला रंग दिला’, ‘मीने पोळी खाल्ली’, ‘माझी पुस्तक’, ‘शाळा’ऐवजी ‘शाला’. यात निष्काळजीपणा नाही. हिंदीत ‘घर को’ म्हणताना ‘घर’ बदलत नाही, ‘मैं’ला ‘ने’ लागतो आणि पुस्तक स्त्रीलिंगी असते. ‘त्याने’, ‘तिने’ होते तर ‘मीने’ का नाही, हा मुलाचा तर्क चोखच आहे. पिट कॉर्डर या भाषावैज्ञानिकाने १९६७ सालीच मांडले होते, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याने आतापर्यंत भाषेची कोणती व्यवस्था बसवली आहे याचा पुरावा. म्हणूनच चूक खोडण्याआधी ती कुठून आली हे ओळखणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे.

दुसरे काम अधिक अवघड, आणि तिथेच बहुतेक जण घाई करतात. मूल ‘घरला’ म्हणते, शिक्षिका प्रेमाने ‘हो, घराला’ म्हणते आणि गप्पा पुढे जातात. मुलाला त्यातला ‘हो’ तेवढा ऐकू येतो. मॉन्ट्रिअलच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी केलेले निरीक्षण १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या, पण त्यानंतर विद्यार्थ्यांच्या तोंडून सुधारलेले रूप आले ते १८ टक्के वेळा. उत्तर न देता ते विद्यार्थ्याकडूनच काढून घेतले, तेव्हा हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे ‘कशाला रंग दिला? घर...’ एवढे म्हणून थांबावे. ‘चल, आम्ही खेळायला जाऊ’ असे मूल म्हणाले तर ‘आणि मी नको?’ असे विचारावे. हिंदीच्या एकाच ‘हम’मध्ये न दिसणारा ‘आपण’ आणि ‘आम्ही’चा फरक त्या एका प्रश्नात उलगडतो.

यावर आक्षेप येतो, की सारखे अडवले तर मूल बोलायचेच थांबेल. आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक चुकीवर थांबू नये. एका तासाला सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी ‘घर’चे ‘घरा’ होणे, घ्यावे आणि त्या दिवशी ‘माझी पुस्तक’ जाऊ द्यावे. शिवाय जे शिकवलेलेच नाही ते काढून घेता येत नाही. ‘ळ’ ऐकूनही जमत नसेल तर जीभ मागे वळवून टाळूला कशी लावायची हे सरळ दाखवावे लागते. तिथे थांबून वाट पाहणे म्हणजे मुलाला उगाच ताटकळवणे. दुसरा प्रश्न शुद्धतेचा. आजीकडून आलेले वऱ्हाडी ‘मले’ आणि हिंदीवरून आलेले ‘मीने’ यांना एकाच लाल शाईने खोडणे हा अन्याय आहे. ‘मले’ ही चालत आलेली मराठीच आहे; निबंधात ‘मला’ लिहायला शिकवावे, बोलण्यात हात लावू नये.

आठवड्यातून एखाद्या तासाच्या वर्गाने हे सगळे साधणार नाही, बाकीचे घरावर आहे. तेव्हा आईबाबांना एवढीच विनंती, की मुलाचे ‘घरला’ पाहुण्यांसमोर गंमत म्हणून सांगू नका. त्याला जरा वेळ द्या आणि योग्य रूप त्याच्याच तोंडून येऊ द्या.